ठकूबाईची वाटी

थांबा पाहुणे, वाटी अशी नाही धरायची. आधी अंगठा बाहेर काढा! करवंदगडाच्या या टाक्याचं पाणी दुसऱ्याला देताना वाटी उघड्या तळव्यावर ठेवायची, बोट आत बुडू द्यायचं नाही. हसू नका. दोघं उन्हाचे चढून आलात, टेका जरा आणि ऐका.

फार जुनी गोष्ट. हैबती गडाचे नाईक होते आणि या टाक्याची राखण ठकूकडे होती. दोघं गडावरच वाढलेली. ठकूने मनातल्या मनात हैबतीशी केव्हाच लग्न लावून टाकलं होतं म्हणे. पण हैबतीने खालच्या मुलखातून साळूला लग्न करून आणलं, आणि ठकूच्या अंगाची लाही लाही झाली. साळू समोरून आली की ही तोंड फिरवायची.

वर्षभराने गडाला शत्रूचा वेढा पडला. कुमक आणायला नाईक कड्यावरून उतरून गेले. जाताना म्हणाले, "ठकू, पाणी पुरलं तर गड राहील. तुझ्या भरवशावर जातोय." साळू तेव्हा पोटुशी होती.

माणशी दिवसाला तीन वाट्या पाणी ठरलं. माप ठकूच्या हातात. साळूची पाळी आली की ठकू वाटीत अंगठा बुडवूनच पाणी भरायची. दोन घोट कमी. पहिल्या दिवशी काय बरं वाटलं तिला! पाचव्या दिवशी तेवढं वाटलं नाही. दहाव्या दिवशी साळूचे फुटलेले ओठ दिसले, तरी मेला अंगठा आत गेलाच. साळूला सगळं दिसत होतं. ती मुकाट पिऊन जायची.

मग एका सकाळी टाक्यावर भडका उडाला. कुणीतरी ओरडलं, माप खोटं आहे! तलवारी उपसल्या. तहानेने मरण्यापेक्षा दरवाजा उघडू, असंही चौघे बोलू लागले. तेवढ्यात साळू पुढे आली. "मी नाईकांची बायको. माझ्या वाटीत कधी थेंब कमी पडला नाही, तुमच्या कसा पडेल?" माणसं वरमली, तलवारी म्यान झाल्या.

इथे गप्प बसली असती तर सुटली होती. पण आमची ठकू ती! सगळ्यांसमोर म्हणाली, "ही खोटं बोलतेय. तुमचं माप पुरं होतं. हिचं मी कमी केलं, या अंगठ्याने, जळफळाटापायी." आणि तिने वाटी साळूच्या पायाशी ठेवली.

"मग आता माप कोण धरणार?" एका म्हाताऱ्या शिपायाने विचारलं.

साळूने वाटी उचलून ठकूच्याच हातात दिली. "हीच धरेल. आता हिच्याइतकं चोख माप गडावर दुसऱ्या कुणाचं नसेल."

त्या दिवसापासून ठकूने वाटी उघड्या तळव्यावर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. आपल्या तीन वाट्यांतली एक ती साळूला द्यायची. साळू नको म्हणाली की डाफरायची, "तुझ्यासाठी नाही, पोटातल्यासाठी पी!"

सत्ताविसाव्या दिवशी कुमक आली, वेढा उठला. नाईक धावत आत आले, घशाला कोरड, ओंजळ पुढे. टाक्यात एकच वाटी पाणी उरलं होतं. ज्याच्यावर जीव ओवाळून टाकला तो समोर उभा, आणि ठकूने वाटी साळूपुढे धरली. "नाईक, आधी ही पिईल. तुमचा गड हिने राखलाय." साळू अर्धी प्यायली आणि उरलेली तिने ठकूच्या ओठांना लावली. नाईकांना पाण्यासाठी खाली ओढ्यावर जावं लागलं, असं सांगतात.

आजही आमच्या करवंदवाडीत नवरी आली की तिला आधी इथे आणतात. गावातली वडीलधारी बाई उघड्या तळव्यावर काठोकाठ वाटी धरते. अर्धी नवरी पिते, अर्धी ती बाई. नवरदेव केवढाही साहेब असो, तोवर कोरड्या घशाने उभा राहतो. हा गड कधी पडला नाही, पाहुणे!

धरा आता वाटी. हां, अशी. आणि आधी वहिनींना द्या.