टिळ्याखालचा ठिपका

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा रस्त्यांना पाट्या नव्हत्या, आणि कुठं जायचं, कुठं उतरायचं हे माणसाला माणसालाच विचारावं लागे.

एका राज्यात एक उंच घाट होता. घाटमाथ्यावर जांभळाच्या झाडाखाली एक म्हातारी पाणपोई चालवायची. तिचं नाव काय होतं कुणास ठाऊक, सगळे तिला माई म्हणत. कुणी धापा टाकत वर आला की ती आधी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची, मग पाणी द्यायची. निघताना त्याच्या कपाळाला अंगाऱ्याचं एक बोट ओढायची आणि म्हणायची, "सुखरूप जा, बाबा."

पाण्याचं मोल घेणं म्हणजे पाप, असं मानणारा तो काळ होता. माई कुणाकडून दाणाही घेत नसे. पाणपोईचा रांजण मात्र पायथ्याच्या गावची एक कुंभारीण दर उन्हाळ्यात डोक्यावर वाहून आणायची. "पाणी तुझं, माती माझी," असं म्हणून हसायची.

घाटापलीकडे बाजाराच्या गावाला जायला दोन वाटा होत्या. वरची वाट डोंगराच्या कडेनं, मुक्कामाच्या सराईवरून जायची. खालची नदीकाठानं जायची, ती जवळची. कोणती धरायची हे लोक माईला विचारत, आणि ती सांगेल ते डोळे मिटून ऐकत. जिला काही घ्यायचंच नाही, ती खोटं कशाला सांगेल?

एका वर्षी वादळात पाणपोईचं छप्पर उडालं. चार दिवसांनी सराईवाला घाट चढून आला.

"माई, छप्पर मी शाकारून देतो," तो म्हणाला. "वर तांदूळ-गूळही पाठवत जाईन. तुम्ही फक्त येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी सराई सांगायची."

"तुझी सराई चांगलीच आहे की. ती मी सांगतेच."

"मग झालं तर! फक्त तुम्ही धाडलेला माणूस कोणता, ते मला कळलं पाहिजे. त्याच्या टिळ्याखाली एक बारीक ठिपका देत जा. जितके ठिपके येतील, तितका तांदूळ वाढेल."

माईनं वरच्या उघड्या वाशांकडं पाहिलं. मग म्हणाली, "आणि हे लोकांना सांगू का?"

सराईवाला हसला. "सांगितलं तर त्याला आशीर्वाद कोण म्हणेल, माई?"

इथंच माईनं त्याला पाणी पाजून वाटेला लावायला हवं होतं. पण डोक्यावर छप्पर नसलं की भल्याभल्यांचा पाय घसरतो. तिनं स्वतःची समजूत घातली. सराई चांगली आहे, मी खोटं बोलत नाही, मग कुणाचं काय जातंय?

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला कुणाचं काही गेलंही नाही. लोक ठिपका लावून सराईत जात, पोटभर जेवत, निवांत झोपत. पण ज्याच्या दारी गिऱ्हाईक आपोआप चालत येतं, त्याला पुढंपुढं दार झाडायचाही कंटाळा येतो. सराईतल्या भाकरी करपायला लागल्या. जनावरांपुढं कुजका चारा पडायला लागला. परतताना लोक माईजवळ कुरकुर करत. "गर्दीचा दिवस असंल, बाबा," असं ती म्हणायची, आणि म्हणताना रांजणाकडं बघायची.

एकदा ती कुंभारीण आणि तिचा नवरा मडक्यांनी लादलेली दोन गाढवं घेऊन घाट चढून आले. एक गाढव लंगडत होतं, त्यामुळं वाटेत मुक्काम करणं भाग होतं. माईनं त्यांना सराई सांगितली. दोघांच्या कपाळाला अंगारा लावला, आणि सवयीनं खाली ठिपकाही दिला. उतारावर कुंभारणीला घाम आला. तिनं पदरानं तोंड पुसलं, त्याबरोबर टिळाही पुसला गेला.

सराईच्या दारात मालक उभा होता. त्यानं आधी कुंभाराच्या कपाळाकडं पाहिलं, मग कुंभारणीच्या, आणि आत ओरडला, "माईचा एक आला रे! दुसरी बिगरमाईची!"

कुंभारीण जागीच थबकली. तिनं नवऱ्याचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि टिळ्याखालचा ठिपका पहिल्यांदाच नीट पाहिला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हा माणूस आपलं तोंड बघत नाही, कपाळ बघतोय."

परतताना ती पाणपोईपाशी थांबली. माईनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

"माई, गाढव कुणाचं ते कळावं म्हणून आम्ही त्याच्या पाठीवर खूण करतो," ती म्हणाली. "माणसाच्या कपाळावर कुणी करत नाही."

एवढंच बोलली आणि घाट उतरून गेली. तिच्या पाठोपाठ ही गोष्टही उतरली आणि गावोगाव पोहोचली. त्यानंतर लोक पाणपोईवर पाणी पीत, मान वाकवून टिळाही लावून घेत, आणि पहिल्या वळणावर तो पुसून टाकत. माईनं वरची वाट सांगितली की हमखास खालची धरत. माईला हे सगळं वरून दिसत होतं. तिला वाईट वाटे, पण तोंड उघडून कबूल करायचा धीर होत नव्हता.

मग भाद्रपदातली ती दुपार आली. घाटावर लख्ख ऊन होतं. पण दूर, नदी जिथून येते तिथले डोंगर काळेभोर झाले होते. माईनं माथ्यावरून खाली पाहिलं. वरच्या अंगाला नदीचं पाणी तांबडं झालं होतं आणि त्यात उन्मळलेली झाडं गटांगळ्या खात होती. तरुणपणी तिनं हे एकदा पाहिलं होतं. आता थोड्याच वेळात नदीकाठची वाट पाण्याखाली जाणार होती.

नेमके तेव्हाच कुंभार-कुंभारीण घाट चढून आले. गाढवांच्या पाठीवर नवरात्रातल्या घटांसाठी केलेली मडकी होती. वर्षाची सगळी मेहनत त्या दोन पाठींवर लादलेली होती.

माई धावत पुढं आली. "खालच्या वाटंनं जाऊ नका गं! नदी येतीय! वरच्या वाटंनं जा!"

कुंभारणीनं आभाळाकडं पाहिलं. डोक्यावर ऊन होतं.

"वरच्या वाटंनं? म्हणजे सराईवरून?"

"ती वाट सराईवरूनच जाती, त्याला मी काय करू? पण माझं ऐक, बाई!"

"ठिपका लावायचा राहिला, माई," कुंभारीण म्हणाली, आणि तिनं गाढवं खालच्या वाटेला घातली.

माई दम संपेपर्यंत त्यांच्यामागं धावली, ओरडली. पण दोघांनीही मागं वळून पाहिलं नाही. ती धुळीत बसली. आज ती अगदी खरं बोलली होती. पण खरं सांगायला नुसती जीभ पुरत नाही, मागं पत लागते, आणि ती तिनं मूठमूठ तांदळाला विकली होती.

तेवढ्यात घाट चढून बैलगाड्या आल्या. गाडीवानांनीही गोष्ट ऐकलेली होती. माईला पाहून ते एकमेकांना कोपरखळ्या मारत खालच्या वाटेकडं वळले. माई उठली आणि गाड्यांच्या पुढं वाटेत आडवी झाली.

"सराईवाल्यानं माझं छप्पर शाकारलंय," ती मोठ्यानं म्हणाली. "त्याचा तांदूळ मी खाल्लाय. तुमच्या कपाळावरचा ठिपका त्याची खूण होती. तुम्ही ऐकलंत ते सगळं खरं हाय. म्हणून सांगते, सराईला जाऊ नका. नदीनंही जाऊ नका. हितंच झाडाखाली थांबा. हितं थांबल्यानं कुणाला काही मिळत नाही, मलाबी नाही."

गाडीवानांचं हसू विरलं. त्यांच्यातला एक वयस्क माणूस खाली उतरला आणि बैल सोडायला लागला.

"जी आपली लाज आपल्या तोंडानं सांगते," तो म्हणाला, "ती आज तरी खोटं बोलत नसंल."

सूर्य मावळायच्या आत दरीतून घरघर उठली. माथ्यावरून पाहता पाहता नदीकाठची वाट नाहीशी झाली.

सकाळी चिखलानं माखलेली दोन माणसं घाट चढून आली. रात्रभर ती एका झाडाला धरून राहिली होती. गाढवं वाहून गेली होती, मडकीही गेली होती. गाडीवानांनी त्यांना शेकोटीजवळ बसवलं. माईला त्यांच्याकडं बघवेना.

कुंभारणीच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर माईला बरं वाटलं असतं.

"माई, तू खरं सांगत होतीस."

"व्हय गं."

"पण मला कसं कळावं? सराई सांगतानाही तुझं तोंड हेच होतं."

माई पदरात तोंड घालून रडली.

घरात साठवलेला तांदूळ तिनं कुंभारणीच्या घरी धाडला. त्याच्या मोलात एक गाढव आलं, दुसरं आलं नाही. सराईवाल्याला तिनं निरोप पाठवला, "छप्पर राहू दे, पण ते तुझं हाय हे मी प्रत्येकाला सांगणार." त्या दिवसापासून कुणी टेकलं की ती आधी म्हणायची, "हे छप्पर सराईवाल्याचं हाय, बरं का. आता सराई कशी हाय ते ऐक. भाकरी आता बरी, चारा अजून कुजका." हे ऐकून कुणी सराईत जाई, कुणी जात नसे. कानावर आलं तेव्हा सराईवाल्यानं चारा बदलला. टिळा लावायचं मात्र माईनं सोडूनच दिलं. लोकांच्या कपाळाला हात लावायची तिला हिंमत होईना.

पुढच्या उन्हाळ्यात कुंभारीण डोक्यावर नवा रांजण घेऊन आली. तो तिनं झाडाखाली ठेवला आणि तांब्याभर पाणी प्यायली.

"कुठली वाट धरू?" तिनं विचारलं.

"खालची. नदी आटलीय, जवळ पडंल."

कुंभारीण निघाली नाही. तिनं मान थोडी वाकवली.

"टिळा?"

"माझा हात होत नाही गं."

"लाव. नुसता टिळा."

माईनं अंगाऱ्याचं एक बोट ओढलं. कुंभारणीनं टिळ्याखाली आपलं बोट फिरवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. तिनं पदर सावरला आणि खालच्या वाटेनं चालू लागली.

गेलेला विश्वास परत येतो, पण तो असा चाचपत येतो. तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: वाट दाखवणाऱ्यानं वाटा घेतला तर चालेल, पण तो लपवू नये.