सोन्याचा करदोटा

एका राज्यात, जिथे नदी वर्षातून एकदा उलटी वाहून माहेरी जाई आणि त्याचे कुणालाच नवल वाटत नसे, तिथे प्रतापध्वज नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, दानी होता, पण थांबणे त्याला ठाऊक नव्हते. भात शिजेपर्यंत दहादा झाकण काढणारा माणूस! एका पौषात, ऐन पंगतीत, त्याला आंब्याची आठवण झाली. आंबा हवा, आत्ता हवा. माळ्यांनी हात जोडले, "महाराज, अजून झाडांना मोहोरसुद्धा नाही." राजा म्हणाला, "जे झाड माझे ऐकत नाही, ते माझ्या राज्यात नको." तो तसाच उठला, लहानग्या मुलीला बरोबर घेऊन आमराईत गेला आणि समोर उभे राहून त्याने एकेक झाड आडवे करवले.

शेवटच्या झाडात एक यक्ष राहत होता. घरावर कुऱ्हाड पडल्यावर कोण गप्प बसेल? तो बाहेर आला आणि म्हणाला, "राजा, झाडाचा वेळ म्हणजे काय, ते झाड होऊनच बघ. तुला फळे लागतील, पण सोन्याची. ज्या दिवशी तुझ्या मुळांवर खरे, गोड फळ पिकेल आणि तुझ्या पोटचे माणूस ते खाईल, त्या दिवशी सुटशील." बोलणे संपते न संपते तोच राजाचे पाय मातीत गेले, दंडांच्या फांद्या झाल्या, आणि तोंडातला हुकूम तोंडातच राहिला. राजकन्या कनकलेखा बापाचे बोट धरून उभी होती. तिच्या मुठीत बोटाऐवजी डहाळी आली. पोरीने ती डहाळी सोडली नाही.

आता लोकांचे म्हणाल, तर लोक चार दिवस रडले. मग वैशाखात पहिले सोन्याचे फळ धप्पकन खाली पडले आणि रडे थांबले. प्रधान बुद्धिसागर म्हणाला, "महाराज गेले असे कोण म्हणतो? महाराज आहेतच. उलट पूर्वीपेक्षा उदार झाले आहेत." रोज बुंध्याशी दुधाचे हंडे रिते होऊ लागले. आणि झाडाला दृष्ट लागू नये म्हणून एक रिवाज पडला. दरसाल राजाच्या वाढदिवशी राजकन्येने बुंध्याला सोन्याच्या तारेचा करदोटा बांधायचा. जुना काढायचा नाही, अपशकुन होतो. त्याच्यावरच नवा आवळायचा. कनकलेखा तो बांधी, बुंध्याला गाल लावी आणि म्हणे, "बाबा, शतायुषी व्हा."

अशी वर्षे गेली. राजकन्या मोठी झाली. एका वैशाखात झाडाला असा बहर आला, की फांद्या जमिनीला टेकल्या. पानापेक्षा सोने जास्त! प्रधानाने ढोल लावले, हत्ती सजवले. त्या गोंगाटात एक धनेश पक्षी उडत आला, एका फळावर आपली भलीमोठी चोच मारली आणि ओरडला, "मेलो! चोच मोडली माझी! झाड शेवटच्या घटका मोजतेय आणि तुम्ही ढोल काय बडवता?"

ढोल थांबले. कनकलेखा गर्दीतून पुढे आली. ती म्हणाली, "पक्षिराज, झाड तर बहरले आहे."

"म्हणूनच सांगतो, बाईसाहेब. मरू घातलेले झाड असेच बहरते. जाता जाता जमेल तेवढी फळे टाकून जावे, एवढेच त्याला कळते. पुढचा वैशाख हे झाड पाहणार नाही."

प्रधानाने पक्ष्यावर बाण सोडायला सांगितला. राजकन्येने मात्र धनुष्य खाली करवले आणि त्या रात्रीचे जेवणसुद्धा घेतले नाही. ती पक्ष्याला म्हणाली, "उपाय कुणाला ठाऊक आहे?" पक्षी म्हणाला, "उदुंबरा चेटकिणीला. पण ती उपाय देत नाही, शिकवते. तेवढा दम आहे का?" कनकलेखा पायात वहाणा घालून निघाली. पक्षी पुढे, ती मागे. वाटेत बोलणारे डोंगर लागले, पण ते सगळे आपल्याच तक्रारी सांगत होते, म्हणून ती थांबली नाही.

उदुंबरेची बाग ढगांच्या वर होती. चेटकीण उंच, कडक आणि स्वतःच्या विद्येचा भारी तोरा असलेली. ती म्हणाली, "माझ्या बागेत मंत्र चालत नाहीत. मंत्राने आणलेले फूल दुपारी गळते. तीन कामे करशील, तर चौथे तुझे तुला कळेल."

पहिले काम मातीचे. बागेच्या कोपऱ्यात एक वाफा होता. पाऊल पडले की तो कण्हत असे. उदुंबरा म्हणाली, "ही माती गप्प कर." कनकलेखेने घरचा रिवाज केला. दूध ओतले, वर मध. सकाळी पाहते तो माती आंबून गेलेली, मुंग्यांची रीघ लागलेली, आणि वाफा आता गळा काढून रडतोय! राजकन्या कानांवर हात ठेवून मागे सरली. तिच्या डोळ्यांपुढे घरचे दुधाचे हंडे आले. उदुंबरा एवढेच म्हणाली, "मातीला श्वास लागतो. तू तिच्या नाकातोंडात खीर कोंबलीस." मग कनकलेखेने वाफा खणला, पाणी निघून जायला चर काढला, पालापाचोळा आणि कुजलेले शेण मिसळले, आणि वाट पाहिली. गांडुळे आली, तेव्हा माती कण्हायची थांबली. मूठभर उचलून दाबली तर तिचा लाडू होई आणि बोट लावताच तो फुटे. "अशी हवी," उदुंबरा म्हणाली.

दुसरे काम मुळांचे. एक रोप इथून उपटून तिथे लावायचे, पण त्याला कळता कामा नये. कनकलेखेने रोप धरून ओढले. रोप इतक्या जोरात किंचाळले, की ती पाठीवर पडली. धनेश फांदीवरून म्हणाला, "तुमचे केस धरून कुणी तुम्हाला पालखीत बसवले, तर तुम्ही काय ओवी म्हणाल?" तिने उपटलेले रोप उलटे धरून पाहिले. जाड मुळांच्या टोकांना केसांहून बारीक, पांढरे तंतू होते, आणि त्यातले निम्मे तुटले होते. झाड पाणी पिते ते या तंतूंनी. जाड मुळे नुसती धरून ठेवतात. पुढचे रोप तिने मातीच्या गड्ड्यासकट उचलले, उन्हे उतरल्यावर, ओल्या फडक्यात गुंडाळून. रोपाने नव्या जागी जाऊन जांभई दिली.

तिसरे काम कलमाचे, आणि तिथे तिची खरी कसोटी लागली. एका झाडाची काडी दुसऱ्या झाडाच्या खुंटावर अशी जोडायची, की दोघांना एकच तहान लागावी. सालीच्या आत, लाकडाच्या वर, हिरवा ओलसर पापुद्रा असतो. झाडाचा जीव म्हणजे तो पापुद्रा. याचा त्याला भिडला तर कलम धरते, नाहीतर वाळून जाते. चाकू एकदाच फिरवायचा; दुसऱ्यांदा फिरवला की चीर लागते. काडीवरचा डोळा, म्हणजे मिटलेला कोंब, फुगलेला हवा, पण फुटलेला नको. कनकलेखेची किती कलमे मेली, ते तिने मोजले नाही. बोटे कापली. शेवटी एका सकाळी एका कलमाचा डोळा उघडला आणि त्यातून तांबूस पालवी डोकावली. राजकन्या मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली.

त्या दिवशी उदुंबरेने तिला एक रोप दाखवले. त्याच्या खोडाला कुणीतरी दोरा करकचून बांधला होता. दोऱ्याच्या वर खोड सुजले होते, फळांनी लगडले होते. दोऱ्याच्या खाली ते काटकुळे झाले होते.

"वाच," उदुंबरा म्हणाली.

कनकलेखा आता शिकलेली होती. ती हळूहळू बोलू लागली. "मुळे पाणी वर धाडतात. पाने अन्न शिजवतात. शिजलेले अन्न सालीतून खाली मुळांकडे जाते. दोऱ्याने साल आवळली. अन्न वरच अडकले, म्हणून वर फळेच फळे. आणि मुळे..." तिचा आवाज थांबला. "मुळे उपाशी मरत आहेत."

"तुझ्या बापाच्या बुंध्याला काय आहे?"

राजकन्येने आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. तिने गाल लावला होता त्या बुंध्याला. दर वर्षी. आणि आधी तार आवळली होती, दोन्ही हातांनी, जोर लावून, प्रेमाने.

"लेकराचा करदोटासुद्धा आई दरसाल सैल करते," उदुंबरा म्हणाली. "पोर वाढते, हे तिला ठाऊक असते. झाड वाढते, हे तुमच्या राज्यात कुणाच्या ध्यानातच आले नाही."

"तार काढली तर?"

"उशीर झाला. तार लाकडात रुतली. तिच्या वरचे लाकूड सोन्याचे होत आले आहे आणि सोन्यावर कलम लागत नाही. तारेच्या खाली गुडघाभर खोड अजून ओले आहे. तिथून कापायचे. माझ्या बागेतल्या शांत, गोड आंब्याची काडी देते. पण ऐक, पोरी. खाली जे उरेल, तो तुझा बाप. वर जे फुटेल, ते काडीचे. त्याचे डोके, त्याच्या आठवणी शेंड्यात आहेत. त्या जातील."

"तो मला ओळखणार नाही?"

"नाही."

कनकलेखेने त्या रोपाच्या सुजलेल्या खोडावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "जगेल ना?"

"हात थरथरला नाही तर."

राजकन्या करवत घेऊन परतली, तेव्हा सारा दरबार झाडाभोवती जमला. तिने करवत बुंध्याला लावली आणि बायकांनी तोंडात पदर घातले. प्रधान पुढे आला. "राजकन्ये! आपण महाराजांचा शिरच्छेद करीत आहात! जन्मदात्याचा!"

"होय," कनकलेखा म्हणाली. "झाड मेले, तर त्याच करवतीखाली मी मान देईन. तोवर बाजूला व्हा."

करवत चालली. चीक आला, तो लाल होता. लोकांनी डोळे मिटले; तिला मिटून चालणार नव्हते. झाड कोसळले तेव्हा सोन्याची फळे दरबाऱ्यांच्या पायांत गडगडत गेली, आणि पहिल्यांदाच एकानेही ती उचलली नाही. उरला तो गुडघाभर खुंट. तिने चाकू एकदाच फिरवला. हिरव्याला हिरवे भिडवले, केळीच्या सोपटाने बांधले, वर पानांची टोपी घातली. मग दूध आणणाऱ्यांना हाकलले आणि चर खणायला बसली. राजकन्या चिखलात बसलेली पाहून दरबाराची वाचा गेली, ती काही दिवस परत आली नाही.

पानांच्या टोपीखाली बरेच दिवस काहीच हालले नाही. प्रधानाने करवतीला धार लावून ठेवली. आणि एका सकाळी डोळा उघडला. कनकलेखेने सोपट आधी सैल केले, मग सोडले. पालवी वाढली, फांद्या झाल्या. काही वर्षांनी पहिला मोहोर आला, तो तिने स्वतः खुडून टाकला. पोरवयात झाडाला फळांचे ओझे नको. लोक कपाळाला हात लावून पाहत राहिले. त्याच्या पुढच्या वर्षी तिने एकच फळ राखले. ते हिरवे होते, फुगीर होते, लोक म्हणाले, "आता तोडा!" तिने तोडले नाही. एके दिवशी ते आपणहून तिच्या ओंजळीत पडले. धनेशाने चोच लावून पाहिली आणि म्हणाला, "चोच शाबूत आहे. खा."

तिने खाल्ले. फळ गोड होते.

त्याच क्षणी कोठारातून प्रधानाचा आक्रोश ऐकू आला. वर्षानुवर्षांचे सोने एका दमात आंबा झाले होते, आणि तोही सडलेला. माश्यांचे ढग बाहेर पडत होते. पुढे त्याच कोयींपासून राज्याची आमराई पुन्हा उभी राहिली, यक्षाला घर मिळाले, आणि एक कलम जगवून दाखवल्याशिवाय सिंहासनावर बसायचे नाही असा कायदा झाला. पण ते पुढचे. तेव्हा कोठाराकडे कुणी पाहिलेसुद्धा नाही, कारण झाडाच्या जागी एक माणूस उभा होता.

पावले प्रतापध्वजाची होती, टाचांच्या भेगांसकट. चेहरा शांत होता, आणि अगदी परका. सारा दरबार दगडासारखा झाला. जयजयकार करायचा की पळायचे, ते कुणालाच कळेना. कनकलेखेला सगळे ठाऊक होते, तरी त्या परक्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिले तेव्हा ती मागे सरत सरत दरबाऱ्यांच्या मागे गेली.

"मुली, तू कोण?" राजाने विचारले.

मातीने माखलेले हात मागे धरून ती उभी राहिली. राजा तिच्याकडे पाहत होता आणि पाहता पाहता चालू लागला होता. दरबाऱ्यांना ओलांडून, झाडापुढे मांडलेले रिकामे सिंहासन ओलांडून, तो थेट तिच्यासमोर येऊन थांबला. मग त्याने खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य दरबारातल्या सगळ्यांपेक्षा मोठे होते.

"मी तुला ओळखत नाही," तो म्हणाला. "मग माझे पाय तुझ्याकडे का आले?"

"ते जुने आहेत, बाबा," कनकलेखा म्हणाली.