दहावीचा विषय नदी

रांजणघाटच्या मिशनच्या शालेम हायस्कूलच्या मागच्या दारातून पायऱ्या थेट गोदावरीत उतरतात. समोर पात्रात एक काळा खडक आहे, म्हशीने पाण्यात बसावे तसा. पाहुणे आले की ख्रिस्ती देवळातले म्हातारे सेवक, डीकन जिवाजी बोर्डे, त्यांना आधी दहावीच्या वर्गात नेतात. भिंतीवर वर्षाचे विषय रंगवलेले आहेत: मराठी, इंग्रजी, गणित, शास्त्र, इतिहास, पवित्र शास्त्र, आणि सर्वांत खाली एकच शब्द, नदी. पाहुण्यांना वाटते, भूगोलातला धडा असेल. मग डीकन त्यांना घाटावर बसवतात आणि मिर्यामबाईंची हकीकत सांगतात. त्यांनी ती आपल्या आजीकडून ऐकली आहे.

मिर्यामबाई उजागरे नगरकडच्या कोरडवाहू गावातल्या. त्यांच्या गावात नदी म्हणजे वाळू. शालेमच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या इथे आल्या तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे. दहावीचे वर्ष मधले, जरा मोकळे. बाईंनी तो वर्ग स्वतःकडे घेतला. ‘या वयात पोरांना ऐकलेलं खरं वाटत नाही, केलेलं खरं वाटतं,’ असे त्या म्हणत. मात्र पाण्याची त्यांना मनातून धास्ती होती. घाटाच्या खालच्या पायरीवर त्या कधी गेल्या नाहीत.

आश्विनात पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याचा, उपकारस्तुतीचा सण असे. दहावीचा वर्ग गाणी म्हणायला पलीकडच्या वाड्यांवर जाई. त्या वर्षी पाऊस लांबला होता, नदी अजून फुगलेली होती. परतताना बाई आणि मुले बसलेली नाव त्या खडकावर आदळली आणि उलटली.

वर्गात पोहता येणारी एकच मुलगी होती, दुर्कस साळवे. तिचा बाप लाजरस म्हशी राखी, आणि म्हशींबरोबर ती डोहात वाढली होती. बाई तिच्या सर्वांत जवळ होत्या, म्हणून तिने आधी बाईंनाच ओढून खडकावर टेकवले.

“बाई, दगड सोडू नका,” एवढे म्हणून ती वळली.

तिने एकेक करून मुले आणली. नावाड्यानेही काही काठाला लावली. शेवटी एक धाकटीशी पोर प्रवाहात लांब गेलेली दिसली. दुर्कस दमली होती, तरी गेली. पोर एका फांदीला अडकून वाचली. दुर्कस परत आली नाही. बाई खडकाला कवटाळून सगळे पाहत होत्या. त्यांना हाका ऐकू येत होत्या, आणि हात पुढे करण्यापलीकडे काही करता येत नव्हते.

लोक समजूत घालायला आले. पाळक म्हणाले, “प्रभूची इच्छा, बाई.”

बाई म्हणाल्या, “प्रभूने नदी दिली. ती तरून जायला शिकवायचं काम आपलं होतं. ते मी केलं नाही.”

त्याच आठवड्यात देवळात उभे राहून त्यांनी नवस बोलला, असे सांगतात. यापुढे मी नावेत पाय ठेवणार नाही. आणि या खडकापर्यंत पोहून आल्याशिवाय दहावीचं एकही मूल अकरावीत जाणार नाही, मुलगा असो की मुलगी.

पण शिकवणार कोण? बाई लाजरसच्या दारात गेल्या. तो ओट्यावर बसला होता. बाईंनी विचारले, “लाजरसभाऊ, मला पोहायला शिकवाल का?”

तो ओट्यावरून उठला. मग आत गेला आणि आढ्याला टांगलेले दोन सुके भोपळे काढून आणले. दोरी झिजून मऊ झाली होती.

“पोरीचे हायेत,” तो म्हणाला. “बांधा पाठीला.”

चाळिशी उलटलेल्या बाई काष्टा घालून डोहात उतरल्या. नाकातोंडात पाणी गेले, दोनदा ताप आला. लाजरस काठावरून फक्त एवढेच म्हणे, “पान्याशी भांडू नका, बाई.” कधीतरी माघात त्याने भोपळे सोडले, आणि त्या तरंगल्या.

आता विरोध सुरू झाला. मुलींना नदीत उतरवणार म्हटल्यावर आईबापांनी नावे काढून घेण्याची भाषा केली. शाळेची कमिटी बसली. अध्यक्ष म्हणाले, “बाई, शाळेच्या अभ्यासक्रमात हे बसतं कुठं? पवित्र शास्त्रात तरी याला आधार आहे का?”

बाई म्हणाल्या, “पाण्यावर चालता चालता पेत्र बुडू लागला तेव्हा प्रभूने आधी हात दिला. बोलला तो नंतर.”

तेव्हा कोणीतरी म्हणाले, “आधी तुम्ही जाऊन दाखवा.”

सगळा गाव घाटावर जमला, म्हणे. बाई एकेक पायरी उतरल्या, पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि निघाल्या. ज्या खडकाला त्या जीव मुठीत धरून बिलगल्या होत्या, त्याला हात लावून आपल्या बळावर परत आल्या. मग एक आई पुढे झाली आणि आपल्या मुलीचा पदर तिने स्वतः कमरेला खोचला. त्या वर्षी ‘नदी’ हा विषय भिंतीवर लिहिला गेला.

खरी परीक्षा पुढे काही वर्षांनी झाली. भादव्यात महापूर आला. ओढ्याचे पाणी उलटून मागे शिरले आणि खालची आळी चारी बाजूंनी वेढली गेली. नाव केव्हाच वाहून गेली होती. माणसे छपरांवर चढून हाका मारत होती. तोवर बाईंचे केस पांढरे झाले होते. भोवती त्यांची मुले उभी होती, दहावी ओलांडलेली, अकरावीतली आणि गावात कामाला लागलेली.

पाळक म्हणाले, “पाठवू नका, बाई. एक गेली तेवढी पुरे.”

बाई पुराच्या पाण्याकडे पाहत राहिल्या. तेव्हा अकरावीतली केझिया म्हणाली, “बाई, मग विषय कशाला ठेवलात?”

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, “दुर्कस एकटी होती, म्हणून गेली. एकटं कोणी जायचं नाही. दोघं-दोघं जा, आणि जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका.”

लाजरसने भोपळ्यांच्या सांगडी बांधल्या. सांगडी ओढायला काठावरच्या चिंचेला दोर अडकवला. मुले जोडीजोडीने गेली आणि सांगडीवर बसवून माणसे आणू लागली. बाळंतीण आली, आंधळा गुरव आला, पाटलांची म्हातारी आली. मिशनच्या विहिरीचे पाणीही तिने कधी तोंडाला लावले नव्हते. ती केझियाच्या गळ्याला मिठी मारून आली. तिन्हीसांजेपर्यंत आळी रिकामी झाली. शेवटची जोडी चिंचेखाली आली तेव्हा बाई चिखलातच खाली बसल्या आणि लाजरसने आपली घोंगडी त्यांच्या खांद्यावर टाकली. त्या पुरात रांजणघाटचे एकही माणूस गेले नाही, असे सांगतात. दुसऱ्या वर्षापासून पाटलांच्या घरची मुले शालेममध्ये येऊ लागली.

आता वर पूल झाला आहे. नावेची गरज उरली नाही. दहावीला बोर्डाची परीक्षा आली, आणि दरवर्षी एखादे पालक मुख्याध्यापकांना म्हणतातच, “सर, या वर्षी तरी नदीचा विषय वगळा.” सर त्यांना चहा पाजतात आणि घाटावर घेऊन जातात.

आजही थंडी ओसरली की दहावीची मुले जोडीजोडीने त्या पायऱ्या उतरतात. जो आधी पोहोचतो तो खडकाला हात लावत नाही. पाणी तुडवत तिथेच थांबतो. मागचा येतो, दोघे एकमेकांकडे पाहतात, आणि दोन्ही हात एकदम दगडावर पडतात. तेव्हाच काठावरचे मास्तर पास म्हणतात.