उभी गाडी

“मग सोमवारी सुरू झाली आणि गुरुवारी नाही, हे कसं? सांगा ना वस्ताद.”

दातारसाहेबांनी वही पुढे केली. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, वही असणारच. निफाडची थंडी, पहाटेचं तपमान, किल्ली किती वेळा फिरवली, सगळं दोन रंगांच्या शाईत. घरात दुसरं माणूस नाही, तेव्हा लिहायला वेळच वेळ.

गाडी साहेबांसारखीच जुन्या वळणाची. आज दोन दूधवाल्यांनी ढकलत आणून मन्सूर वस्तादांच्या गॅरेजसमोर उभी केली होती.

वस्तादांनी वही आधी उलटी धरली, मग सुलटी.

“तीन गॅरेजं झाली,” साहेब म्हणाले. “बॅटरी नवी, प्लग नवे. हा थंडीचा दोष आहे, मी सिद्ध करून देतो. चार डिग्रीला...”

“चार डिग्रीला सुरू झालीय की. तुम्हीच लिहिलंय.”

“...तेच तर कळत नाही.”

“सोमवारच्या आदल्या दिवशी कुठं गेला होता?”

“ओझरला. लग्न होतं एक.”

“गुरुवारच्या आधी?”

“बुधवारी घरीच.”

“मंगळवारी?”

“घरीच.”

वस्तादांचं काळं बोट खाली सरकलं. “ही सतरा तारीख. सुरू झाली नाही. त्याच्या आधी?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“कुठं?”

“कुठेच नाही हो. आठ दिवस. रिटायर माणसाला कुठे जायचं असतं...”

वस्तादांनी वही मिटून परत दिली. “थंडीला उगाच बोल लावू नका. गाडी उभी राहिली की पेट्रोल मागं टाकीत उतरतं. पंप म्हातारा झालाय, धरून ठेवत नाही.”

“मग नवा टाका. आजच. मला खात्री पाहिजे.” साहेबांचा आवाज जरा खाली आला. “पिंपळगावला आमचा गोसावी अंथरुणाला खिळलाय. कालव्यावर एका डब्यात जेवलो आम्ही. फोन उशाशी घेऊन झोपतो मी. केव्हाही बोलावणं येईल, आणि नेमकी त्या दिवशी ही रुसली तर?”

“अजून बघून आला नाही?”

“बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दारात जात नाही. जन्मात गेलो नाही.”

वस्ताद बॉनेटखाली वाकले, पंपाची दांडी अंगठ्यानं दहा-बारा वेळा दाबून पेट्रोल पुढं ओढलं.

“बसा. मारा किल्ली.”

पहिल्या झटक्यात सुरू झाली.

“बघा, म्हणजे पंपच,” साहेब आतून म्हणाले. जणू त्यांनीच शोधलं. “बंद करतो. घ्या काढायला.”

वस्तादांनी बॉनेट पाडलं. फडक्याला हात पुसत खिडकीशी आले.

“साहेब, तो फोन गोसावी करणार, का मागाहून त्यांच्या घरचे?”

साहेबांचा हात किल्लीवर होता. तिथंच राहिला.

गाडी थरथरत होती. समोरून उसाची एक ट्रॉली गेली, तिच्यामागं दुसरी गेली...

“आणि पंप?” साहेबांनी विचारलं. आवाज खात्यातल्या साहेबाचा नव्हता.

“पंप उद्या टाकू,” वस्ताद म्हणाले. “आज चालू आहे.”