विजयाची मेजवानी

धारणगड संस्थानचा हुतूतूचा संघ भल्याभल्यांना लोळवी आणि किरकोळ गावांकडून हार खाई. पुन्हा तसेच घडले तेव्हा राजेसाहेबांनी संघनायक धोंडजी पायगुडे याला भर दरबारात उभे केले.

"वाघांना पाडता आणि शेळ्यांपुढे लोळण घेता? पटेल असे कारण सांग, नाहीतर संघ आजच मोडला!"

धोंडजी मुजरा करून म्हणाला, "सरकार, तगडा संघ आला की हार बघवणार नाही म्हणून आपण शिकारीला जाता. आम्ही हलक्या पोटी खेळतो आणि जिंकतो. दुबळा संघ आला की जिंकणार हे आपण आधीच ठरवता आणि विजयाची मेजवानी खेळापूर्वीच घालता. खुद्द सरकार आग्रहाला उभे असताना बासुंदी नको म्हणायची कुणाची छाती?"

"म्हणजे घराण्याची रीत मोडू?" राजेसाहेब गुरगुरले.

"छे, छे! रीत चालू द्या, सरकार. फक्त पंगतीला समोरच्या संघाला बसवा. आग्रह मात्र आपणच करा."

दरबार खो खो हसला. राजेसाहेबांनाही हसावे लागले आणि संघ वाचला. पुढे धारणगडचा संघ कुणाकडूनच हरेना, आणि पाहुणचारासाठी राजेसाहेबांची ख्याती दूरवर पसरली.