तांब्याचा नाग आणि राणीची मूस

एका राज्यात राजाने शापाचे धन खणले. हंड्यातून तांब्याचा नाग निघाला आणि राजाच्या टाचेला डसला. राजाची पावले तांब्याची झाली. नाग पलंगाला वेढे घालून बसला, म्हणाला, "मला मुशीत गाळाल तर राजा सुटेल. नाहीतर तांबे टाळूला भिडेल."

मूस म्हणजे काय? राज्यातले धातू ओतणारे ओतारी कधीच परागंदा झाले होते, त्यांच्यामागे शब्दही गेला होता.

तुंगावती राणी देवीपुढे रडत बसली. तेव्हा कुंपणावरचा भारद्वाज पक्षी बोलला, "रडू नको, बाई. मूस म्हणजे धातू वितळवायची मातीची वाटी. ओतारी म्हणत, मूस आधी आपण भाजते, मग दुसऱ्याची आग पोटात धरते. वारुळाची माती, राक्षसिणीच्या उखळातल्या तुसाची राख आणि आपल्या लग्नाच्या शालूचा पदर, एवढे एकत्र मळ. पण सावलीत वाळव हो! उन्हात तडकते."

राणी वारुळाशी गेली. आतून फूत्कार आला. "उसनी नेते हो, नागोबा," म्हणत तिने माती घेतली. मग राक्षसिणीच्या दारी गेली, तशी राक्षसीण गुरगुरली, "कोण गं तू?" राणी म्हणाली, "सून समजा. कांडायला आलेय." भात कांडून तिने तूस नेले, जाळून राख केली. मग शालू काढला. पदर फाडताना मात्र तिचा हात अडला, पण फाडलाच.

मूस घडली, तुळशीवृंदावनाच्या सावलीत ठेवली. इकडे तांबे कमरेवर चढले, छातीशी आले. राजाने हाक मारली, "तुंगे, लवकर गं!" आवाज भांड्यावर भांडे आपटावे तसा.

नाग हसला. "राणीसाहेब, ऊन हातभर तर लांब आहे. सरकवा की!"

राणीने मूस उचलली. "देवी, सावली म्हटलीय, तर सावलीच," ती पुटपुटली, आणि सावली सरकेल तशी मूस सरकवत राहिली.

तांबे गळ्याशी आले तेव्हा मूस वाळली. राणीने ती भट्टीत ठेवली, भाता ओढला. बोलीने बांधलेला नाग आत उतरला. त्याने वेढे आवळले, फडा आपटला. मूस लाल झाली, पांढरी झाली, पण तडकली नाही. नागाचे पाणी झाले.

राजाच्या गळ्यावरून तांबे उतरले, थेट टाचेतून निघून गेले. धन पुन्हा पुरले गेले. ओतारी मानाने परतले, त्यांनी त्या तांब्याचा देवीला दिवा ओतला.

अजून त्या राज्यात घाबरल्या लेकीला आई म्हणते, "मूस हो, बाई." देवीने राणीची सावली राखली, तशी ऐकणाऱ्यांची राखो.