मागची भिंत

एकदा एक वृद्ध गुरू होता, आणि चूक त्याचीच होती. ज्ञानी माणसांच्या गोष्टींत असली बाब शेवटी, हळुवारपणे सांगायची पद्धत आहे. इथे ती आधीच सांगितलेली बरी.

पहिलं महायुद्ध संपून पंधराएक वर्षं झाली होती. युरोपातल्या एका लहान देशानं त्या युद्धात आपली अख्खी तरुण पिढी चिखलाच्या खंदकांत घालवली होती. पुन्हा ते नको, म्हणून त्या देशानं पूर्वेच्या सीमेवर डोंगरोडोंगरी काँक्रीटचे बुरूज बांधायला काढले. जमिनीखाली दारूगोळ्याची कोठारं, निजायच्या खोल्या, एका बुरजातून दुसऱ्यात जाणारे बोगदे. वर दिसायचे ते फक्त पोलादी घुमट आणि तोफांच्या जंग्या, म्हणजे मारा करायला भिंतीत ठेवलेली भोकं. तेव्हा अनेक देश याच उद्योगात गढले होते. मागचं युद्ध ज्यांना नीट आठवत होतं, ते पुढच्याची तयारी करत होते.

हा गुरू त्या विद्येतला सर्वश्रेष्ठ जाणकार मानला जाई. मागच्या युद्धात एका जुन्या किल्ल्यात, समोरून होणाऱ्या तोफांच्या भडिमारात तो तग धरून राहिला होता. त्या एका अनुभवावर त्याची सगळी विद्या उभी होती. त्याच्या शाळेच्या दोन रीती होत्या. जी तुकडी बुरूज बांधील, तीच युद्धात त्यात राहून लढणारी शिबंदी व्हायची. "ज्या छपराखाली आपल्यालाच बसायचं आहे, त्याचं सिमेंट कोणी चोरत नाही," असं तो म्हणे. आणि दुसरी रीत अशी की बुरूज पुरा झाला की आपल्याच तोफा त्यावर डागायच्या, आणि त्या वेळी गुरू स्वतः आत कॉफी पीत बसायचा.

अशाच एका चाचणीला मंत्री आले होते. तोफा धडाडल्या. धूळ खाली बसली. म्हातारा पेला हातात घेऊन बाहेर आला आणि त्यानं तो सगळ्यांना दाखवला. एक थेंबही सांडला नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला.

शिष्यांत एक तिखट जिभेचा तरुण होता. टाळ्या थांबल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, आता तोफा मागच्या बाजूला न्या. आणि पुन्हा आत बसा."

काही जण हसले. गुरूही हसला. "मागे कोण आहे रे बाळा?"

"आज आपली माणसं आहेत."

"उद्याही आपलीच असतील. एका अंगाला मित्रराष्ट्र, दुसऱ्या अंगाला घनदाट अरण्य."

"शत्रू मित्राच्या मुलखातून वळसा घालून आला तर?"

"मित्राच्या सीमेवर आपण भिंत घातली तर मित्राला काय वाटेल?" गुरूनं विचारलं. मंत्र्यांनी मान डोलावली.

तरुण मागे हटेना. "पुढच्या भिंतीच्या जाडीत मी आडवा झोपू शकतो. मागची हातभर आहे. त्या भिंतीला टेकून आम्ही झोपणार आहोत, गुरुजी. ती जाड करा, आणि मागच्या बाजूला एक तरी जंगी ठेवा. एवढंच मागतो."

तेव्हा गुरूनं एक चमत्कारिक गोष्ट केली. त्यानं गवंड्याच्या हातातला हातोडा घेतला, बुरजाच्या मागे गेला आणि आपणच बांधलेल्या भिंतीवर घाव घातला. एक ढलपी उडून खाली पडली. सगळे चकित होऊन पाहत राहिले.

गुरू शांतपणे म्हणाला, "ही मी मुद्दाम पातळ ठेवली आहे. उद्या बुरूज शत्रूच्या हाती पडला, तर मागून आपल्या तोफांना तो फोडता आला पाहिजे. सुज्ञ माणूस आपल्या कवचातही एक जागा कच्ची ठेवतो."

मंत्र्यांच्या सचिवानं ते वाक्य टिपून घेतलं. असली वाक्यं टिपून घेण्यासारखीच असतात.

"म्हणजे आम्ही बुरूज सोडून पळणार, हे तुम्ही धरूनच चाललात," तरुण म्हणाला.

"मी सर्व शक्यता धरून चालतो."

"एक सोडून."

गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. आता मात्र म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "मी किल्ल्यात तोफांचा मारा सोसत होतो तेव्हा तू पाळण्यात होतास!"

"म्हणून तर पुढचं युद्ध माझ्या वाट्याला येणार, गुरुजी. तुमचं लढून झालंय."

"चालता हो. उद्यापासून तुला पाठ नाही."

त्याचं नाव शाळेतून कमी झालं. शिबंदीतून मात्र कोणी कमी केलं नाही. शिकायला नालायक ठरलेला पोरगा मरायला चालत होता.

काही वर्षांनी दुसरं युद्ध आलं. म्हातारा बुरजात येऊन राहिला, हे मान्य करायला हवं. स्वतःच्या कामावर त्याचा खरोखर विश्वास होता. पुढच्या दालनात, जंगीपाशी, तो पेला घेऊन बसला. तोफा पूर्वेकडे रोखलेल्या होत्या. समोरच्या दरीत गाई चरत होत्या.

तरुणाचा पहारा मागच्या दारावर होता. ज्या रस्त्यानं रोज त्यांचा शिधा यायचा, त्याच रस्त्यावर त्याला शत्रूचे रणगाडे दिसले. काही मित्राचा देश तुडवून, काही अरण्यातल्या लाकूडतोड्यांच्या वाटांनी आले होते.

"तोफ फिरवा!" तो बोगद्यात धावत ओरडला.

"कशी फिरवू?" गोलंदाज म्हणाला. "जंग्या सगळ्या पुढेच आहेत. काँक्रीट ओतताना तूही होतास की!"

मागच्या खोलीत पाळी संपवून आलेले सात जण झोपले होते. त्यांना उठवायला तरुण वळला, तेवढ्यात पहिला गोळा आला. आवाज ऐकून म्हातारा बोगद्याच्या तोंडाशी आला आणि दुसऱ्या गोळ्याच्या धक्क्यानं भिंतीवर आपटला. तिसऱ्या गोळ्याची गरज उरली नाही. मागची भिंत नव्हतीच, नुसता उजेड होता.

तरुणानं त्याला उठवून बसवलं. म्हातारा त्या भगदाडाकडे वळला. मग म्हणाला, "शत्रूची तोफ मी नीट मोजली होती. तुमच्यावर मात्र संशय घेतला आणि त्याला दूरदृष्टी म्हटलं. भिंत त्या संशयानं पातळ केली होती, पोरा. शत्रूला ती आयती मिळाली."

"बरोबर," तरुण म्हणाला. "हे कळायला तुम्हाला सात जण लागले."

तरुणानं जेवणाच्या टेबलावरची पांढरी चादर ओढून त्याच्या हातात दिली. "शत्रूला हे दार तुम्ही ठेवलंत, गुरुजी. तुम्हीच बाहेर जा."

म्हातारा चादर वर धरून बाहेर गेला. पुढच्या दालनात, जंगीच्या कट्ट्यावर, त्याचा पेला तसाच होता. कॉफी या वेळीही सांडली नव्हती. पुढची भिंत खरोखरच उत्तम होती.

मागच्या खोलीतले सातही जण गेले. गुरूला डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं.